ठेकेदाराले निस्तार नाई

चांद्याला जटपुरा दरवाजाच्या आतल्या बाजूला रेडिओचं एक दुकान होतं आणि त्या दुकानाचा मालक कानात कापसाचे बोळे घालून रेडिओ विकत असे. हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "बहिरा होता का?" मुळीच नाही. मागच्या परसात मांजरानं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण हलवलं तर हा माणूस पुढच्या दुकानातून "हाड!" म्हणून ओरडायचा.

गिऱ्हाईक आलं की त्याला बाकावर बसवायचं. सेटवरचं फडकं काढून घडी करून ठेवायचं. मग बंडीच्या खिशातून दोन बोळे काढून एकेका कानात नीट बसवायचे, बटण फिरवायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. गिऱ्हाइकाचं ऐकून झालं की त्यानं बाकावर थाप मारायची. थाप काही ऐकू जात नसे, पण बाक हलला की जमीन हलायची आणि ते पायाला कळायचं, असं त्याचं म्हणणं. नव्या गिऱ्हाइकाला वाटे की या पेटीतून आता बहुधा बार उडणार. एक कापूसवाला शेतकरी तर बटण फिरताच बाकाखाली शिरला होता.

त्यांना सगळा गाव मुनशीभाऊ म्हणायचा. मी त्यांचा भाडेकरू. साताऱ्याकडून बदली होऊन मी चांद्याच्या टपाल कचेरीत आलो आणि त्यांच्या दुकानामागची एक खोली घेतली. दुकान, माझी खोली, त्यांचं घर आणि परस, सगळं एकाच कुंपणात. कचेरीत माझ्याकडे रेडिओच्या परवान्यांची खिडकी आली. तेव्हा परवान्याशिवाय कुणाला घरात रेडिओ ठेवता येत नसे, आणि सगळ्यांना एकच परवाना चालतही नसे. घरचा वेगळा, हॉटेलात वाजवायचा वेगळा, शाळेचा वेगळा, गावाच्या चावडीवरचा वेगळा, आणि रेडिओ विकणाऱ्याचा आणखी वेगळा. ही खिडकी मला का दिली हे मला कळलं नाही, कारण तोवर मी रेडिओला हातही लावलेला नव्हता. मुनशीभाऊंना मात्र मी त्यांच्या घरी राहायला आलो यात देवाचा हात दिसला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बसवलं, सुपारी पुढे केली आणि विचारलं, "बाबूजी, आवाज कोणाचा?"

"म्हणजे?"

"म्हंजे हवेतून आला तवा सरकारचा. पेटीत शिरला तवा पेटीवाल्याचा. पेटीतून निंगून बाजूच्या घरी गेला, तं मंग कोणाचा?"

मी म्हटलं, पाहून सांगतो. पुढली तीन वर्षं मी त्यांना बहुतेक वेळा हेच उत्तर दिलं.

हळूहळू मला उलगडा झाला, म्हणजे आणखी गोंधळ झाला. मुनशीभाऊंनी उभी जवानी जंगलखात्याच्या नाक्यावर मुनशी म्हणून घालवली होती. कुरखेड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला, त्याशेजारी झोपडी, आणि झोपडीत हे. लाकूड, बांबू, मोह, डिंक, जे काही जंगलातून बाहेर पडेल त्याचा पास पाहायचा. पास नसेल तर गाडी उभी. त्यांच्या डोक्यात जगातल्या सगळ्या वस्तूंचे तीनच प्रकार होते. शेतकऱ्यानं आपल्या चुलीसाठी, आपल्या घराच्या आढ्यासाठी सवलतीत आणायचा तो निस्ताराचा माल. तो विकायचा नाही. लिलावात बोली लावून ठेकेदारानं घ्यायचा तो ठेक्याचा माल. तो विकायचा, पण त्यातली काडी घरच्या चुलीत घालायची नाही. आणि तिसरं राखीव. राखीव जंगलाला कुणीच हात लावायचा नाही, आणि ते का राखून ठेवलं हे सरकारला विचारायचं नाही.

"पण मुनशीभाऊ, हे जंगल नाही. रेडिओ आहे."

"जंगल दिसते तरी. हे तं दिसतही नाई. मंग याचा कायदा जंगलापेक्षा कडक अशीन का ढिला अशीन, तुम्हीच सांगा जी."

त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांच्याकडे विकणाऱ्याचा परवाना, म्हणजे ते ठेकेदार. घरगुती परवाना म्हणजे निस्तार. आणि ठेकेदाराले निस्तार नाई. दुकानातल्या रेडिओतलं एक गाणं जरी स्वतःच्या कानात गेलं तरी तो विक्रीच्या मालाचा घरगुती वापर झाला. म्हणून बोळे.

मी कचेरीत जाऊन नियमांचं पुस्तक वाचलं. विकणाऱ्यानं सेट दुकानात ठेवावेत, गिऱ्हाइकाला वाजवून दाखवावेत, एवढंच त्यात होतं. विकणाऱ्यानं ऐकू नये असं कुठेही नव्हतं. मी मोठ्या खुशीत घरी आलो. "मुनशीभाऊ, मनाई नाही."

"परवानगी हाय का?"

मी पुन्हा आठवून पाहिलं. "तसंही लिहिलेलं नाही."

"मंग झालं." ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. नाक्यावरच्या माणसाला पासावर जे लिहिलेलं नाही ते गाडीत असून चालत नाही. मी अंथरुणावर पडून विचार करत राहिलो आणि मला त्यांचंच बरोबर वाटायला लागलं. त्यांच्याशी बोलल्यावर असं नेहमी व्हायचं.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. काकू कुरखेड्याकडच्या, धानाच्या मुलखातल्या. बोलणं थोडं, पण ज्या ठिकाणी पडेल तिथं खूण ठेवणारं. त्यांनी मला एकदा आपल्या लग्नाची हकिकत सांगितली. मांडवासाठी त्यांच्या वडिलांनी गाडीभर बांबू आणले आणि ती गाडी नवरदेवाच्याच नाक्यावर आली. नवरदेवानं पास मागितला. बांबू निस्ताराचे, घराच्या छपरासाठी, मांडवासाठी नव्हेत. गाडी नाक्यावर राहिली. "आंब्याच्या झाडाखाली लागलं माझं लगीन," काकू म्हणाल्या. "माहा बाप म्हने, असा जवाई पायजे नाई. माय म्हने, असा माणूस कोणाचं काही खाऊ शकत नाई, देऊन टाका." हे सांगताना त्या हसत होत्या, की त्यांना अजून राग होता, हे मला ओळखता आलं नाही.

असा माणूस रेडिओच्या धंद्यात पडला कसा, हेही काकूंनीच सांगितलं. त्यांना एकच मुलगी, सुमन. तिला गाण्याचं वेड. शाळेतून येताना हॉटेलाबाहेर रस्त्यावर उभी राहून ती रेडिओ ऐकायची. मुलगी रस्त्यावर उभी राहते हे मुनशीभाऊंना बघवेना. त्याच सुमाराला त्यांची नोकरी संपली. काकूंच्या भावाचं नागपूरला रेडिओचं दुकान होतं. तो म्हणाला, भाऊजी, चांद्याला माझा माल ठेवा, तुमच्या घरात एक सोडून दहा रेडिओ येतील. दहा आले. त्यांच्याबरोबर विकणाऱ्याचा परवानाही आला आणि सगळं संपलं. मुलीला रेडिओ ऐकायला मिळावा म्हणून माणसानं दुकान काढलं, आणि दुकान काढलं म्हणून घरात रेडिओ वाजेना. सुमन शेवटी शिकायला मामाकडे नागपूरला गेली. काकू म्हणायच्या, शिकायला काहाची, आयकाले गेली.

याच काळात चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. लोकांनी पेढे वाटले, काहींनी नाराजी दाखवली. मुनशीभाऊ भल्या सकाळी माझ्या दाराशी हजर. "बाबूजी, राज्य बदललं. जुन्या राज्यात इकलेले रेडिओ नव्या राज्यात चालते का? का नाका लागते?" मी म्हटलं, रेडिओचा कायदा दिल्लीचा आहे, राज्य बदललं तरी फरक पडत नाही. "आन् आवाज? तो तं नागपूरचा हाय ना." मी म्हटलं, नागपूरही आपल्याबरोबरच आलं. ते एवढे निर्धास्त झाले की मला चहा मिळाला. चहा पिताना मी म्हटलं, समजा नागपूर तिकडेच राहिलं असतं तर? ते उठून आत गेले आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

विकताना ते गिऱ्हाइकाला परवान्याचा अर्थ समजावून सांगत, तोही आपल्या पद्धतीनं. घरगुती परवाना म्हणजे आवाज घराच्या कुंपणाच्या आत राहिला पाहिजे. बाहेर गेला तर तो सार्वजनिक झाला, त्याचा परवाना वेगळा. लोक माना डोलवत. वकील, मास्तर, व्यापारी मंडळी घरी जाऊन हवा तेवढा मोठा आवाज करत. पण कुरखेड्यापलीकडच्या एका जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, एक गोंड पाटील आला होता, त्यानं ते मनावर घेतलं.

त्यानं बॅटरीवरचा सेट नेला. दोनेक महिन्यांनी मुनशीभाऊंच्या कानावर आलं की तिथं सगळा टोला रेडिओ ऐकतो. त्यांची झोप उडाली. घरगुती परवान्यावर अख्खं गाव! सेट विकला त्यांनी, परवाना दिला मी, म्हणजे दोघेही अडकलो असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी आम्ही मोटारीनं कुरखेडा गाठलं आणि तिथून बैलगाडी केली.  मधल्या एका नाक्यावर गाडी थांबवायला लावून मुनशीभाऊंनी आपण काही नेत नसल्याचं तिथल्या मुनशीला मुद्दाम दाखवलं.

टोला दिसला तेव्हा आधी दिसलं ते कुंपण. हिरव्या बांबूचं, नवंकोरं. पाटलाच्या घराभोवती कुंपण असणार हे मला ठाऊक होतं, पण हे संपेचना. त्याच्या आत विहीर होती, मोहाची झाडं होती, गोठे होते, देवाची जागा होती आणि सगळ्यांची घरं होती. पाटील दारात उभा होता. त्यानं जोहार केला.

"पाटील, हे काय?" मुनशीभाऊंनी विचारलं.

"तुम्हीच सांगतले ना जी, आवाज कुंपणाच्या भाईर नाई जाला पायजे. लोकं तं आयकाले येतेतच. त्याइले नाई कसं म्हनाव? मंग कुंपणच सरकवलं. समदे मिळून सरकवलं."

मी हसू दाबायला मोहाच्या झाडाकडे बघत राहिलो. मुनशीभाऊ हसले नाहीत. त्यांनी कुंपणाच्या कडेकडेनं चालायला सुरुवात केली. खुंट हलवून पाहिले, बांध तपासले. टोल्यातली म्हातारी माणसं गंभीरपणे मागून चालली. एका कोपऱ्यात शेळ्या जातील एवढी फट होती, तिथं ते थांबले. "इथून आवाज जाईन. इथं काटी लावा." मग त्यांनी विचारलं, "बांबू कोठचा?"

"निस्ताराचा जी. कुंपणासाठीच आनला."

"बरोबर हाय," मुनशीभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच पूर्ण समाधान पाहिलं. परतीच्या वाटेवर मी विचारलं की हे घर झालं की गाव. "कुंपण एक म्हंजे घर एक," ते म्हणाले. कचेरीत येऊन मी पुस्तक उघडलं. घर कशाला म्हणायचं ते त्यात कुठंच दिलेलं नव्हतं.

काकू सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होत्या, तेव्हा मी त्यांना हे सगळं रंगवून सांगितलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात थांबवला आणि एवढंच म्हणाल्या, "कुंपण सरकवलं म्हना."

त्यानंतर काकूंचा भाऊ माल घेऊन नागपूरहून आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, सुमी रेडिओवर गाऊन राह्यली!" येत्या गुरुवारी, भर दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात. आवाजाची परीक्षा झाली, पास झाली. आणि गाणार काय, तर काकूंनी तिला लहानपणी शिकवलेलं रोवणीचं गाणं. काकू तरण्या असताना बांधीत चिखलात उभ्या राहून धान रोवताना जे म्हणायच्या, तेच. काकू चुलीपुढून उठल्या आणि पुन्हा बसल्या. मुनशीभाऊ दुकानात गेले आणि सगळ्या सेटांवरची फडकी झटकत बसले. ती सकाळीच झटकलेली होती.

गुरुवारपर्यंत त्या घरात दुसरा विषय नव्हता. मी म्हटलं, सोपं आहे. मी एक सेट विकत घेतो, माझ्या नावावर घरगुती परवाना काढतो, माझ्या खोलीत बसून सगळे ऐकू. मुनशीभाऊंनी मान हलवली. "खोली तुमची, पन कुंपण माझं. ठेकेदाराच्या कुंपणात निस्तार कसा चालीन?" शेजारच्या वकिलांकडे जाऊ म्हटलं, तर दुसऱ्याच्या निस्तारावर आपली चूल पेटवायची का, हा प्रश्न आला. हॉटेलात बाईमाणूस जाऊन बसायचे ते दिवस नव्हते. मी वैतागून म्हटलं, "मग दुकानातच लावा हो! कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे दुखावलेल्या नजरेनं पाहिलं. नाक्यावर त्यांना हे वाक्य रोज ऐकायला मिळालं असणार.

शेवटी ते काकूंना म्हणाले, "तू जा वकिलाकडे. तुले काही अडचण नाई. परवाना माह्या नावाचा हाय, तुह्या नाई."

काकू म्हणाल्या, "मी एकटी नाई आयकत. पोरगी दोघांची हाय. आयकीन तं तुमच्या संगं, नाई तं राहू द्या."

 मुनशीभाऊंची त्या चार दिवसांतली तगमग मी पाहिली आहे. त्यांना मुलीचा आवाज नको होता असं नाही; तो त्यांना इतका हवा होता की ते जेवताना घास हातात घेऊन थांबायचे. पण ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाचे बांबू अडवले, त्यानं आता मुलीच्या गाण्यासाठी पासाशिवाय गाडी सोडली, तर मग आधीच्या सगळ्या गाड्या कशाला अडवल्या होत्या? हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते तसं दिसत होतं. मला त्यांची कीव येत होती आणि संतापही येत होता, आणि यांतलं कुठलं जास्त ते ठरत नव्हतं.

आणि नेमका गुरुवारी नागपूरहून रेडिओचा तपासनीस आला. गोरा, घामाघूम झालेला, भला माणूस. परवान्यांचा बाबू म्हणून मला त्याच्याबरोबर दुकानात जावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुनशीभाऊ त्याला एकेक सेट दाखवत होते, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. मीही तिकडेच पाहत होतो. घरातून आवाज नव्हता. काकू शेवटी वकिलांकडे गेल्या असतील असं मला वाटलं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं, गिऱ्हाइकं येतात त्या दारातून, एक बाई आत आल्या. डोक्यावर पदर, अंगावर लग्नाकार्यात नेसायचं लुगडं, पायात चपला, हातात छत्री. त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "रेडिओ पाहाचा होता जी."

काकू!

मुनशीभाऊंनी आधी घराकडच्या दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. आता हे काहीतरी भयंकर बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, बाक पुसला आणि म्हणाले, "या बाई. बसा. कोणता दाखवू?"

"जो नागपूर साफ लावते तो."

त्यांनी कोपऱ्यातल्या सेटवरचं फडकं काढलं, घडी केली. हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला आणि बोळे बाहेर आले.

"हे काय भाऊ?" काकू म्हणाल्या. नवऱ्याला भाऊ म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "कानात बोळे घालून माल दाखवता? आवाज साफ हाय का घोगरा, मले काय कळते? तुम्ही आयकून सांगा. नाई तं इस्वास कसा ठेवू?"

तपासनीस मोठ्यानं हसला. "बाईंचं बरोबर आहे. अहो, हे बोळे कशाला?"

मुनशीभाऊ त्याच्याकडे वळले. नाक्यावर साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे ताठ उभे राहिले. "साहेब, इकणाऱ्याले आयकाची परवानगी हाय का?"

"माल दाखवताना विकणाऱ्यानं नाही ऐकायचं तर कुणी ऐकायचं? नसेल ऐकत तर उलट मी विचारीन, का नाही म्हणून!"

"तुम्ही सांगून राह्यले ना साहेब?"

"मी सांगतो आहे."

बोळे पुन्हा खिशात गेले. बटण फिरलं. तेव्हाचे रेडिओ लगेच बोलत नसत. आधी दिवा लागायचा, मग आतून घुरघुर यायची. त्या घुरघुरीत आम्ही चौघं वाट पाहत होतो. मग निवेदिकेचा आवाज आला, सुमनचं नाव आलं आणि पेटीतून गाणं सुरू झालं.

मुनशीभाऊ पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता रेडिओकडे बघत उभे होते. त्यांनी हात सेटच्या लाकडावर ठेवला होता, ताप पाहायला कपाळावर ठेवावा तसा. काकू बाकाच्या टोकावर बसून जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. एका ठिकाणी सुमननं मध्येच श्वास घेतला, तेव्हा काकूंनी हलकेच मान हलवली. तिथं थांबायचं नसतं. दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही. मी उगीचच एका सेटची किंमत वाचू लागलो. तपासनीस पायानं ताल धरत होता.

गाणं संपलं. मुनशीभाऊंनी आवाज बंद केला. "साफ हाय," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र साफ नव्हता.

"काय गाते हो मुलगी!" तपासनीस म्हणाला. "बाई, विचार कसला करता? घेऊन टाका सेट. घरगुती परवाना हे बाबू तुम्हाला आजच देतील."

काकू उठल्या, पदर सारखा केला, छत्री घेतली. "सेट चांगला हाय. पन घरी मालकाले इचारून सांगतो."

"इचारा बाई," मुनशीभाऊ म्हणाले. "घाई नाई."

काकू रस्त्यावर उतरल्या, कोपऱ्यावरून वळल्या, आणि थोड्या वेळानं आतल्या स्वयंपाकघरात भांडं वाजलं. तपासनिसानं वहीवर सही केली आणि जाता जाता डोळे मिचकावून म्हणाला, "बाईंचा मालक चिक्कू दिसतो."

"नाई साहेब," मुनशीभाऊ म्हणाले. "मानूस वाईट नाई. घोळात पडलेला हाय."

त्यानंतर मी त्यांना छेडायचं ठरवलं. संध्याकाळी सुपारी कातरत बसले होते तेव्हा म्हटलं, "मुनशीभाऊ, काकूंनी आज कमाल केली." त्यांनी शांतपणे विचारलं, "काकू कुठी आल्या? गिऱ्हाईक होतं ते." मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मस्करीची एक रेषा नव्हती. त्यांनी खरंच तसं मानलं होतं, की मला बनवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

पुढल्या गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी आलो तर रस्त्याच्या दारातून छत्री मिटत तीच बाई आत येत होती. त्याच्या पुढल्या गुरुवारीही. कधी सुमनचं गाणं असायचं, बहुतेक वेळा नसायचं. "या बाई, बसा." फडकं निघायचं, दोघं ऐकायची. मग ती घरी विचारून सांगते म्हणायची आणि लांबच्या वाटेनं, उन्हातून, घरी जायची. घराकडचं दार चार पावलांवर होतं. त्यातून ती एकदाही आली नाही. बोळे नंतर मला कधी दिसले नाहीत.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढवून मी दुकानात निरोप घ्यायला गेलो आणि म्हटलं, "काय मुनशीभाऊ, त्या बाईंनी रेडिओ घेतला का शेवटी?"

"कुठी जी. दर गुरुवारी येते, आयकते, घरी इचारतो म्हनते. पक्कं होऊन नाई राह्यलं." ते कोपऱ्यातल्या त्या सेटवरचं फडकं सारखं करत होते. "परवा एक मालदार आला होता, हाच मांगत होता. मी नाई देल्ला. हा सेट मी राखीव केला." मग एकदम त्यांचा चेहरा काळजीत पडला. माझ्या जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "बाबूजी, तुमच्या कायद्यात राखीव हाय ना?"

परवान्यांचे सगळे प्रकार मला तोवर पाठ झाले होते. घरचा, हॉटेलचा, शाळेचा, चावडीचा, विकणाऱ्याचा. टांगेवाला बाहेरून हाक मारत होता.

"आहे," मी म्हटलं.